पेसमेकर आणि विनाकारण घाम: नाडी शांत असली तरी

पेसमेकर बसवलेल्या माणसाला कारण नसताना घाम फुटायला लागला की घरात दोन तर्क निघतात. एक, मशीन बिघडलं. दुसरा, मशीन आहे ना, मग हृदयाचं काही नसणार, उकाडा आहे म्हणून येत असेल. दोन्ही बहुतेक वेळा चुकतात, पण दुसरा जास्त महागात पडतो.

पेसमेकर म्हणजे कॉलरबोनच्या खाली कातडीच्या आत ठेवलेली चपटी डबी आणि शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूत सोडलेल्या एक किंवा दोन तारा. तारेला सगळे लीडच म्हणतात. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेत आला तर यंत्र गप्प बसतं. नाही आला, तर एक मिलिसेकंदाहूनही कमी वेळाचा, दोन-तीन व्होल्टचा झटका देतं. तो एवढा बारीक असतो की माणसाला कळतही नाही. घामाच्या ग्रंथींशी या सगळ्याचा काही संबंध नाही. यंत्रामुळे घाम आलाच तर तो आडवळणाने येतो: ठोके फार कमी पडले, फार वाढले, वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ बिघडला किंवा तारेवर जंतू बसले म्हणून. बाकीची कारणं तीच, जी पेसमेकर नसलेल्यांना असतात. फरक एवढाच की पेसमेकरवाल्यांमध्ये ती ओळखायला अवघड जातात.

अवघड का, तर नाडीमुळे. ताप, साखर उतरणं, थायरॉइड वाढणं, आत कुठे रक्तस्राव होणं, या सगळ्यांत नाडी वाढते आणि डॉक्टरांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. ज्यांची मूळ ठोका देणारी गाठच थकली म्हणून पेसमेकर बसवला, त्यांची नाडी मनासारखी चढत नाही. वर बऱ्याचदा मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी, ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असते. पेसमेकर पाठीशी असल्यामुळे ठोके फार उतरतील ही भीती नसते, म्हणून ती निर्धास्तपणे दिली जाते. (वरच्या कप्प्याचा विजेचा संदेश खाली पोचत नाही अशा ब्लॉकसाठी दोन लीडचा पेसमेकर असेल आणि ठोका देणारी वरची गाठ ठीक असेल, तर नाडी चढते, तिथे हा घोळ कमी.) मग माणूस घामाघूम आणि नाडी ६०-७०. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

घामाला मात्र बीटा ब्लॉकर अडवू शकत नाही. घामाच्या ग्रंथींना जाणारी नस सिंपथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळी जागी होणाऱ्या यंत्रणेतलीच. पण तिच्या टोकाशी अॅड्रिनॅलिनच्या जातीचं रसायन नसून अॅसिटिलकोलीन असतं. त्यामुळे धडधड आणि हातांची थरथर झाकली गेली तरी घाम तसाच येतो. नाडीने साक्ष द्यायची थांबवली की घामाची साक्ष नीट ऐकावी लागते.

घाम आल्यावर पहिलं काम म्हणजे कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला हाताची पालथी बाजू लावून बघणं. कातडी गार, चिकट, चेहरा पांढरा पडलेला असेल तर तो गार घाम. रक्तदाब किंवा हृदयाचं पंपिंग कमी पडलंय, साखर उतरलीये किंवा जोराची वेदना आहे, असा त्याचा अर्थ होतो. कातडी गरम आणि लालसर असेल तर शरीर उष्णता बाहेर टाकतंय: ताप, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, किंवा खरोखरच मुंबईचा ऑक्टोबर.

गार घामासोबत छातीत, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात दुखणं, दम लागणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी यापैकी काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, १०८ लावा. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कर बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. दरदरून घाम आणि मळमळ एवढ्यावरच तो येऊन जातो आणि घरात गॅसची गोळी दिली जाते. पेसमेकरवाल्यांची आणखी एक अडचण म्हणजे ईसीजी. खालच्या कप्प्यातून ठोका दिला जात असेल तर ईसीजीवर आधी बारीक उभी रेघ आणि मागोमाग रुंद, वेडावाकडा ठोका दिसतो. नेहमीच्या ईसीजीत अटॅक ज्या भागावरून वाचतात तो भाग इथे एरवीही बदललेलाच असतो. म्हणून "ईसीजी पेसमेकरचाच आहे, नवीन काही नाही" एवढ्यावर घरी परत यायचं नाही. रक्तातली ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे वाढतं), गरज पडल्यास काही तासांनी पुन्हा, हे विचारून घ्यायचं. बरं असतानाच्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

आता साखर. हे कारण नेहमीचं आहे आणि तरीही सुटतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण चुकलं, तर साखर ७०च्या खाली जाते. एरवी त्या वेळी हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. बीटा ब्लॉकरवर असलेल्यांत पहिली दोन चिन्हं पुसट होतात. उरतो घाम, आणि थोडं भ्रमिष्टासारखं वागणं.

संकष्टीचा दिवस घ्या. सकाळची ग्लिमेपिराइड सवयीने घेतली, दिवसभर चहा आणि थोडे शेंगदाणे, चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. संध्याकाळी सहा-सातला आजोबांचा सदरा पाठीला चिकटलेला, प्रश्नाला उत्तर भलतंच. कोणीतरी नाडी बघतं, ती ६४. बीपी ठीक. मग पंखा वाढवला जातो आणि "उपास सोसत नाही आता" म्हणून विषय संपतो. ग्लुकोमीटर तिथेच कपाटात असतो.

अशा वेळी आधी बोट टोचायचं. ७०च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्यायचं; म्हणजे ग्लुकोज पावडरचे किंवा साखरेचे साधारण तीन सपाट चहाचे चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज असेल तर साधी साखर चालत नाही. ही औषधं आतड्यात साखरेचं विघटनच अडवतात, म्हणून अशांच्या घरी ग्लुकोज पावडरचाच डबा हवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जातं, थेट दवाखाना. शिवाय ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम लांबतो, किडनी मंद असेल तर फारच. एकदा साखर वर आली म्हणून झोपू देऊ नका. जेवायला घाला, आणि रात्री पुन्हा दोन-तीनदा तपासा.

साखर बरोबर, छातीत काही नाही, आणि तरी गार घाम येतो: आता यंत्राकडे वळायला हरकत नाही.

मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. बोटात लावायच्या ऑक्सिमीटरवर किंवा बीपीच्या मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. मधूनमधून जादा ठोका येत असेल तर तो कमकुवत असल्यामुळे मशीन मोजतच नाही आणि ६०च्या जागी ३५ दाखवून सगळ्यांना घाबरवतं. पेसमेकरचा सर्वांत कमी दर किती ठेवलाय हे कार्डावर किंवा शेवटच्या रिपोर्टवर असतं, बहुधा ६०. नाडी त्याच्या खाली सतत राहिली तर ती दखल घेण्याची गोष्ट. (काही जणांना झोपेसाठी ५० ठेवलेला असतो, किंवा हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याला थोडी जास्त वाट बघायची मुभा दिलेली असते. ते आधी विचारून ठेवावं.)

नाडी खाली जाण्याची कारणं ठरलेली आहेत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लीडचं टोक जागेवरून सुटू शकतं. हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हणतात ते त्यासाठी. काही जण, विशेषतः सैल कातडीची वयस्कर माणसं, डबी बोटांनी चाळवत बसतात. ती आतल्या आत फिरते, तार चरख्यावरच्या सुतासारखी तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि टोक ओढून निघतं. बऱ्याच वर्षांनी तार तुटते किंवा तिचं आवरण झिजतं, नेमकं कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या कात्रीत. त्याची खूण अशी की त्या बाजूचा हात विशिष्ट पद्धतीने हलवला की चक्कर आणि घाम. तारेतली खरखर यंत्र हृदयाचा ठोका समजतं आणि स्वतः ठोका द्यायचं थांबतं.

बॅटरी संपत आल्याची गोष्ट वेगळी आहे. ती विजेरीसारखी एकदम विझत नाही. बदलायची वेळ झाली की यंत्र तसं नोंदवतं, आणि त्यानंतर साधारण तीन महिने हातात असतात. पण काही मॉडेल त्या दिवसापासून वीज वाचवायला साध्या पद्धतीवर जातात: वरच्या कप्प्याकडे बघणं बंद, फक्त खालच्या कप्प्यात ६५च्या दराने ठोका. माणसाला काल ठीक होतं, आज जिना चढताना घाम आणि थकवा, आणि नाडी बसल्याउठल्या ६५. सात-आठ वर्षं जुना पेसमेकर आणि हे चित्र असेल तर वेळ न घालवता तपासणी करावी.

वरचे-खालचे कप्पे असे एकमेकांना न जुमानता आकुंचन पावायला लागले की जे होतं त्याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. एका लीडच्या, खालच्या कप्प्यातल्या पेसमेकरला तो जास्त होतो. दोन कप्प्यांमधली झडप बंद असताना वरचा कप्पा दाबला जातो, रक्त उलटं मानेच्या शिरांत ढकललं जातं. मानेत ठकठक जाणवते, ठोका यंत्राने घेतला की रक्तदाब उतरतो, आणि घाम फुटतो. दर थोडा खाली आणून हृदयाला स्वतः चालू देणं किंवा दुसरी लीड बसवणं, हे उपाय.

उलटी बाजूही आहे. हालचालीप्रमाणे ठोके वाढवणारा सेन्सर असतो. तो फार मंद ठेवला तर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढूनही ठोके ६०च राहतात आणि माणूस घामाघूम होऊन कठड्याला टेकतो. फार तिखट ठेवला तर खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षाच्या हादऱ्यांनाच तो व्यायाम समजतो आणि बसल्या जागी नाडी ११०. दोन्ही प्रोग्रामरवर, म्हणजे पेसमेकर तपासायच्या दवाखान्यातल्या यंत्रावर, पाच मिनिटांत बदलता येतं, फक्त तपासणीच्या वेळी रुग्णाला कॉरिडॉरमध्ये चालवून बघायला हवं. ते करा असं आपण म्हणावं लागतं.

तपासणीत प्रोग्रामरचं उपकरण डबीवर किंवा जवळ ठेवतात, दुखत नाही. रिपोर्टचा कागद मागून घ्या. लीडचा रोध साधारण ३०० ते १००० ओहमच्या आसपास असतो. तो एकदम २०००च्या वर गेला तर तार तुटल्याची शंका, २००च्या खाली आला तर आवरण गेल्याची. आकडा एकटा फारसं सांगत नाही, मागच्या रिपोर्टच्या तुलनेत बदलला का ते बघायचं. आणि ज्या तारखेला, ज्या वेळी घाम आला ती वेळ टेक्निशियनला सांगायची. यंत्राने टिपून ठेवलेल्या घटना, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे (वरच्या कप्प्याच्या बेताल फडफडीचे) झटके, जलद ठोके, तिथे तारीखवार असतात. वेळ जुळली तर प्रश्न सुटला. घामाच्या वेळी यंत्राच्या नोंदीत सगळं स्वच्छ असेल तर तेही मोठं उत्तर आहे.

त्याच कागदावर खालच्या कप्प्यात किती टक्के ठोके यंत्राने दिले तेही असतं. हा आकडा मोठा असेल तर काही जणांत काही वर्षांत हृदयाचं पंपिंग मंदावतं. थोड्या श्रमाने घाम, रात्री आडवं पडल्यावर दम, पायाला सूज. इको करून पंपिंगचा आकडा जुन्याशी ताडून बघावा लागतो.

रात्री कपडे आणि चादर बदलावी लागेल इतका घाम, मधूनमधून बारीक ताप, वजन उतरणं: हे सगळं एकत्र असेल तर जंतुसंसर्गाचा विचार आधी. पेसमेकरच्या जागेवरची कातडी उजेडात बघा. लाल, गरम, चकचकीत, पातळ झालेली, डबीला चिकटलेली किंवा पाणी सुटलेली असेल तर त्याच दिवशी जिथे बसवला तिथे जा. तिथे सुई घालून पाणी काढणं किंवा चीर देणं कोणालाही करू द्यायचं नाही. नसलेले जंतूही त्याने आत जातात. डबी बदलल्यानंतर हा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो.

कधी बाहेरून काहीच दिसत नाही आणि जंतू आत तारेवर घर करून असतात. त्याचे कण सुटून फुप्फुसात जातात, एक्स-रेवर डाग दिसतात, आणि रात्रीचा घाम, ताप, डाग म्हटल्यावर आपल्याकडे पहिलं नाव येतं टीबीचं. टीबी असूही शकतो, थुंकीची सीबीनॅट तपासणी करावीच. पण पेसमेकर असेल तर रक्ताचं कल्चरही (रक्तात जंतू वाढतात का ते बघणं) त्याच वेळी व्हायला हवं: वेगवेगळ्या जागेवरून किमान दोन-तीन नमुने, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याच्या आधी. मेडिकलमधून आणलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, कल्चर कोरं येतं, आणि महिन्याभराने तेच पुन्हा सुरू. निदान पक्कं झालं तर नुसत्या औषधाने भागत नाही, डबी आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात.

घाम आणणाऱ्या औषधांमध्ये सगळ्यांत आधी अॅमिओडॅरोन. कधी मंद, कधी जलद अशा ठोक्यांसाठी पेसमेकर बसवलेल्यांना ती बऱ्याचदा चालू असते. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराची रोजची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम. त्यातलं थोडंच सुटं होत असलं तरी ते गरजेच्या कितीतरी पट. त्याने थायरॉइड मंदावतो किंवा उसळतो. उसळला की गरम ओलसर तळवे, उष्णता न सोसणं, खाऊनही वजन उतरणं. नाडी मात्र नेहमीसारखीच, कारण वर सांगितलंच आहे. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी करायची असते, ती राहून जाते. गोळी बंद केल्यावरही परिणाम महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे "ती तर दिवाळीतच थांबवली" हे उत्तर पुरेसं नाही. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर थायरॉइड वाढल्यावर रक्त जास्त पातळ होतं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर कारण नसताना चढायला लागला तर ही एक खूण. गोळी आपल्या मनाने मात्र थांबवायची नाही.

बाकी औषधं झटपट: नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे सर्ट्रालिन, एसिटॅलोप्रॅम, व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, थायरॉइडच्या गोळीचा जास्त डोस, प्रोस्टेटच्या कॅन्सरची हार्मोनची इंजेक्शनं, विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल. घाम सुरू होण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत नवीन काय लागलं, एवढा एकच प्रश्न बहुतेक वेळा पुरतो.

उभं राहिल्यावरच घाम आणि अंधारी येत असेल तर झोपून, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी बीपी घ्या. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर कारण तिथे. पेसमेकर ठोका राखतो, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या नाही. टॅम्सुलोसिन, प्राझोसिन, नायट्रेट या औषधांचा हात असतो. झोपेत घाम आणि जोरात घोरणं असेल तर स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, बघावा. डोकेदुखी, घाम आणि बीपीची उसळी हे तिन्ही झटक्याने एकत्र येत असतील तर अॅड्रिनल ग्रंथीची गाठ. दुर्मीळ आहे, पण त्यासाठीची मेटानेफ्रिनची तपासणी मागायला हरकत नाही. अनेक वर्षांच्या मधुमेहात फक्त जेवताना चेहऱ्याला आणि मानेला घाम येतो, तो नसांच्या बिघाडाचा.

यातलं काहीच सापडलं नाही आणि घामावरच उपचार करायची वेळ आली, तर इथेही पेसमेकर आडवा येतो. पाण्याच्या ट्रेमध्ये हातपाय ठेवून वीज सोडायची आयन्टोफोरेसिसची मशीन ऑनलाइन मिळतात. पेसमेकर असणाऱ्यांनी ती वापरायची नाहीत. काखेतल्या ग्रंथी जाळणारा मायक्रोवेव्हचा उपचारही नाही. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्यांनी घाम कमी होतो, पण प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते, आणि घामच बंद झाल्यावर विदर्भातल्या मे महिन्यात अंग तापतं. उन्हाळ्यात त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नयेत. काखेसाठी २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचं सोल्यूशन रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या कातडीवर लावायचं आणि सकाळी धुवायचं. ओल्या कातडीवर लावलं की आग होते. बोटॉक्सची इंजेक्शनं पेसमेकरला चालतात, फक्त रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काळेनिळे डाग पडतील हे डॉक्टरांना आधी सांगावं.